उणकल विसरलेला कंडक्टर

तुमच्या ओळखीतल्या किती माणसांना तुम्ही ‘साधा संसारी माणूस’ एवढं म्हणून निकालात काढलं आहे? खरं सांगा. मला उत्तराचा अंदाज आहे, कारण आमच्या घरातही हेच चालतं, आणि आमचं घर तर चळवळीचं.

शांतप्पाकाका गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायला एक पानाचं पत्रक लिहायचं काम माझ्या बाबांकडे आलं. बाबांनी आयुष्यात पत्रकावाचून दुसरं काही लिहिलेलं नाही. लग्नाआधी आईला लिहिलेल्या चिठ्ठीच्या शेवटीही म्हणे ‘आपला नम्र, निमंत्रक’ असं होतं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, आणि पहिलं सलग वाचलेलं वाक्य होतं, ‘बंधू-भगिनींनो, अजून किती झोपणार?’ तेव्हा मी दुपारी झोपायचं सोडून दिलं होतं.

असा माणूस त्या दिवशी ‘कालकथित शांताराम हे’ एवढं लिहून अडला.

“कुठल्या मोर्च्यात होता ग तो?” बाबांनी विचारलं.

“मोर्च्याला माणसं न्यायची बस असायची ना, तीत.”

“भाषणबिषण?”

“बाबा, ते घरात तोंड उघडत नव्हते.”

शेवटी बाबांनी लिहिलं, ‘हे साधे, संसारी गृहस्थ होते. त्यांनी आपलं कुटुंब नीट सांभाळलं.’ खाली कार्यक्रमाची वेळ. अर्धं पान कोरं राहिलं.

त्या कोऱ्या अर्ध्या पानाचा मला राग आला. मी हे त्या अर्ध्या पानावर लिहिते आहे असं समजा.

काकांचं नाव शांताराम. हुबळी-धारवाड सिटी बसमध्ये ते कंडक्टर होते, आणि बरोबरच्या कन्नड मंडळींनी त्यांचा शांतप्पा करून टाकला. नवनगरात आमच्या शेजारी राहायला आल्यावर आम्ही पोरांनी त्याला काका जोडला. नाव मात्र बरोबर होतं. एवढा शांत कंडक्टर कुणी पाहिला नसेल, असं तुम्हाला वाटत असेल तर ते चूक आहे. बसमध्ये त्यांचा आवाज असा होता की होसूरला मारलेली हाक विद्यानगरच्या माणसानं ऐकून पिशवी उचलावी. “मुंद होगरी! मुंद होगरी!” पुढं चला, पुढं चला. पण ड्यूटी संपवून घराची पायरी चढले की आवाज चपलेबरोबर बाहेर काढून ठेवायचे.

घरात बोलायचं खातं कमळाकाकूंकडे. काकू बोलायच्या म्हणजे अखंड. आमच्या दोन घरांच्या मधली भिंत एका विटेची, त्यामुळं त्यांच्या घरात आज काय भाजी आहे, ती कुणाकडून घेतली, त्याच्या सुनेचं काय चाललंय, आणि एकूण जगाचं काय होणार, हे आम्हाला वेगळं विचारावं लागत नसे.

काका समोर जमिनीवर मांडी घालून भाजी निवडत बसायचे. कंडक्टर लोक नोटा लांबट दुमडून बोटांच्या बेचक्यात धरतात, तसे ते कोथिंबिरीचे देठ धरायचे. जाड देठ एका बेचक्यात, बारीक दुसऱ्यात. शेजारी पाण्याचा स्टीलचा ग्लास. काकू बोलता बोलता अडखळल्या, किंवा ‘जाऊ दे, तुम्ही कुठं ऐकताय’ म्हणाल्या, की काका त्या ग्लासावर बोटानं दोनदा वाजवायचे. टण्, टण्.

बसनं प्रवास केलेल्या माणसाला हे सांगायला नको. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. काकांच्या घरात दोन म्हणजे, बोल पुढं. ऐकतोय.

आणि काकू सुटायच्या.

काकांच्या तोंडी घरात एकच शब्द सहज यायचा. इर्ली. हा कन्नड शब्द आमच्या मराठीत इतका मुरला आहे की तो परका आहे हे मुद्दाम आठवावं लागतं. इर्ली म्हणजे असू दे, राहू दे. दूध उतू गेलं, इर्ली. फाटकासमोर कुणी स्कूटर लावली, इर्ली. बढती त्यांच्या मागून आलेल्या माणसाला मिळाली. काकू आठवडाभर त्या माणसाच्या सात पिढ्या काढत होत्या. काका म्हणाले, “इर्ली, पोरं लहान हायत त्याची.”

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझं या शब्दाशी हाडवैर. कॉलेजात असताना मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांना सुनावलं होतं, “काका, तुमच्यासारख्यांच्या इर्लीमुळं समाज मागं राहिलाय. अन्याय करणाऱ्याला इर्ली, अडवणाऱ्याला इर्ली. असं चालत नसतं!”

काकांनी मान वर केली. ग्लासावर दोनदा वाजवलं. टण्, टण्.

म्हणजे, बोल पुढं. मी पुढं काय बोलायचं ते विसरले. काकू पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, “पत्रकाची शाई संपली वाटतं!” त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं. मी दारात दिसले की, “पत्रक आली बघा.”

घराबाहेरचा त्यांचा तो दुसरा आवाज मी एकदाच घरच्या कार्यात ऐकला. त्यांची एकुलती मुलगी रेखाअक्का, बेळगावात नर्स आहे, तिच्या लग्नात. लग्न साधं, मंगल परिणयाचं, पण फोटोसाठी मंचावर अशी झुंबड उडाली की नवरानवरी दिसेनात. दारात माणसं अडकलेली, आत येणारा आत येईना, बाहेरचा बाहेर जाईना. भन्तेजी हात वर करून शांत राहा म्हणत होते, बाबा माइकवरून ‘शिस्त पाळा’ म्हणत होते. कुणी ऐकत नव्हतं. मुलीचे वडील कोपऱ्यात, पाय जरासे फाकून उभे. (काका सपाट जमिनीवरही तसेच उभे राहायचे, कधीही ब्रेक लागेल या तयारीत.) आणि अचानक सगळा हॉल हादरला.

“मुंद होगरी! बागलदाग निंदरब्याडरी! मुंद, मुंद, मुंद!”

पुढं चला, दारात उभं राहू नका. चारशे माणसांचे पाय आपोआप हलले. आमच्याकडच्या माणसाला हा आवाज आला की विचार न करता सरकायची सवय आहे. वऱ्हाडी सरकले ते असे सरकले की मंचावरून खाली उतरून मागच्या दारानं थेट जेवणाच्या मांडवात पोचले. नवऱ्या मुलाचे मामाही त्यात गेले. फोटोत ते नाहीत. पुढं कितीतरी दिवस ते रागावून होते.

“व्याह्यांना हाकललंत की हो!” काकू म्हणाल्या.

“सीट रिकामी होती फुडं,” काका म्हणाले, आणि पुन्हा शांत झाले.

आता उणकल. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हुबळीहून धारवाडला निघालं की होसूर, विद्यानगर, मग उणकल, मग भैरीदेवरकोप्प, मग आमचं नवनगर. उणकल हे कमळाकाकूंचं माहेर. आणि त्यांच्या बोलण्यात सगळ्या वाटा शेवटी एकाच गोष्टीला येऊन मिळायच्या. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्यांच्याच शब्दांत सांगू शकते.

“नवीन लग्न आमचं. आईकडं जायचं होतं, म्हटलं ह्यांच्याच गाडीत बसू, नवराच आहे, नीट उतरवेल. तर हे आले आणि मला म्हणतात, टिकेट! मला! बायकोला! वर बघितलं पण नाही. होसूर म्हणाले, विद्यानगर म्हणाले, गळा फाडून. आणि उणकल आलं तर ह्यांचं तोंड बंद! का? तर बायकोचं माहेर, नाव घ्यायला लाज वाटली! अग, बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या ते ऐकलं होतं, ह्यांनी माझ्या गावाचं नाव टाकलं! त्या दिवशी दुसरं कुणी उतरणारं नव्हतं. मी पण उठले नाही. मी कशाला विचारू? कंडक्टर कोण आहे? गेली की गाडी सुसाट. भैरीदेवरकोप्पला उतरले आणि उन्हातनं चालत माघारी आले, हातात लाडवाचा डबा घेऊन.”

लाडू कधी बेसनाचे असत, कधी शेंगदाण्याचे. राग मात्र दर वेळी ताजा. “माझं उणकल विसरलेला माणूस आहे हा,” असं काकू शेवटी म्हणायच्या, आणि काका म्हणायचे, “इर्ली.”

मग काका रिटायर झाल्यानंतर एका सकाळी काकू दारात भाजीवाल्याशी मेथीवरून भांडत होत्या. “ही काय जुडी आहे? ह्याला जुडी म्हणतोस तू? आमच्या उणक—” आणि वाक्य तिथंच थांबलं. जुडी हातातच होती. काकू भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या.

दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा पाय चालत होता, उजवा हात थोडा जड होता, समजत सगळं होतं. शब्द मात्र गेले होते. ‘अं’ याच्यापुढं काही येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काकांना बजावलं, “ह्यांच्याशी बोलत राहा. दिवसभर बोला. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट मोडली आहे. तुम्ही जितकं बोलाल तितकं बरं. गप्प बसाल तर त्याही कायमच्या गप्प होतील.”

रेखाअक्कानं एकदा डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, एकदा वडिलांकडे. “अप्पांनी? बोलायचं?” म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

त्या संध्याकाळी आईनं दिलेली आमटी घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. काकू कॉटवर बसलेल्या. काका खाली मांडी घालून मेथी निवडत होते, शेजारी ग्लास. सगळं रोजच्यासारखं. काकांनी बोटानं दोनदा वाजवलं. टण्, टण्.

काकूंनी तोंड उघडलं. ओठ हलले. मिटलं.

काकांनी पुन्हा वाजवलं, अगदी हलकं. मग हातानं ग्लास बाजूला सरकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उणकलहून काकूंचे भाऊ सदाअण्णा आले. चांगला माणूस, जरा जास्त शहाणा. चहा पिता पिता म्हणाले, “इर्ली, सोडा दाजी. वय झालं. आयुष्यभर बोलली, आता जरा विश्रांती मिळू दे जिभेला. जेवते, फिरते, तेवढं पुष्कळ की.”

काका म्हणाले, “ब्याड.”

सदाअण्णांना वाटलं चहा. “नको? बरं, मग तुमचा पण मीच घेतो.”

“चहा घ्या,” काका म्हणाले. “तुमचं इर्ली ब्याड.” नको.

भिंतीच्या अलीकडं आई आणि मी हे ऐकत होतो. त्या घरात इर्लीला पहिल्यांदाच कुणी नको म्हटलं होतं, आणि म्हणणारा कोण, तर तो. तेव्हा मला एक कळलं. दूध, स्कूटर, बढती, हे सगळं हा माणूस सोडून देत आला, कारण कुठली गोष्ट सोडायची नाही ते त्याचं आधीच ठरलं होतं. हे वाक्य बाबांना एका पत्रकासाठी हवं होतं. मी दिलं नाही.

पण बोलायचं काय? हा खरा प्रश्न होता. काका पहिल्या दिवशी कॉटशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, “हं.” बऱ्याच वेळानं म्हणाले, “ऊन पडलंय.” मग दोघं ऊन बघत बसले. संध्याकाळी काका आमच्या फाटकाशी आले.

“पत्रक आहे काय ग एखादं?”

“कशावरचं हवं काका?”

“कशावरचं पण चालतंय. वाचून दाखवतो तिला.”

मी गठ्ठाच दिला. आणि त्या रात्रीपासून, नाही, रात्री नव्हे, दिवेलागणीपासूनच, भिंतीतून बाबांची पत्रकं ऐकू यायला लागली. टिकेट-टिकेटच्या चालीत. “बंधू-भगिनींनो-अजून-किती-झोपणार. मागणी-एक. मागणी-दोन.” ‘एल्गार’ हा शब्द काका असा म्हणायचे की जणू त्या नावाचा थांबा आहे आणि उतरणारं कुणी नाही. दुसऱ्या मागणीपर्यंत काकूंचं घोरणं सुरू व्हायचं.

“तुमच्या पत्रकानं पहिल्यांदाच कुणाला झोप लागली,” आई म्हणाली.

बाबा जरा विचार करून म्हणाले, “पहिल्यांदा नव्हे.”

पत्रकं संपली. मग काकांनी त्यांना येत होतं ते काढलं. रोज दुपारी जेवणं झाली की भिंतीतून सुरू. “होसूर. कोण होसूर? रैट. विद्यानगर. विद्यानगर इळीरी. उणकल. भैरीदेवरकोप्प. नवनगर.” इळीरी म्हणजे उतरा. पुढं रायापूर, सत्तूर, नवलूर, टोल नाका, थेट धारवाडचं ज्युबिली सर्कल. मग परत उलटं. आवाज घरातला नव्हे, बसमधला. गल्लीतली कुत्री सुरुवातीला उठून बघायची.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणायची, “काकू, म्हणा, आ-ई.” काकू तिच्याकडे असं बघायच्या की तीच बिचारी आई म्हणून गप्प व्हायची. पण थांब्यांच्या वेळी काकूंचे ओठ हलतात, हे तिच्याच लक्षात आलं. “हेच करत राहा,” तिनं सांगितलं. काका राहिले करत. दिवस गेले, पाऊस येऊन गेला. काकूंचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. रेखाअक्का सुटीला येऊन जायची आणि जाताना आमच्या आईला विचारायची, “अजून?” आई मान हलवायची.

अशाच एका दुपारी मी अलीकडच्या खोलीत लिहीत बसले होते. भिंतीतून गाडी निघाली. “होसूर. रैट. विद्यानगर. विद्यानगर इळीरी. रैट. भैरीदेवरकोप्प...”

आणि काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. “उणकल!”

मी धावले. काकू कॉटवर ताठ बसल्या होत्या, चेहरा रागानं लालबुंद, डावा हात काकांवर रोखलेला. “उणकल! उण-कल! उणकल!” प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. लाडवाचा डबा, ऊन, तो सगळा रस्ता, सगळं त्या एका शब्दात. काका समोर चोरासारखे उभे. पाय फाकलेले, पण ब्रेक असा लागला होता की त्यांनी खिडकीचा गज धरला होता.

“चुकलं की,” ते म्हणाले. आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्या गजावर दोनदा वाजवलं. टण्, टण्.

“उणकल!” काकू ओरडल्या, आणि मग तिघंही रडलो. मीसुद्धा. माझ्या तत्त्वात बसत नाही, पण रडले.

काकू झोपल्यावर मी विचारलं, “काका, खरंच विसरलात, की मुद्दाम?”

“इर्ली,” काका म्हणाले.

पण त्यानंतर हा माणूस भयंकर चुका करायला लागला. चहात मीठ. “मीठ!” काकूंना शब्द मिळाला. वांग्याला टोमॅटो म्हणाले, काकूंना वांगं मिळालं. रेखाचा जन्म दावणगेरेचा म्हणाले, तेव्हा हुबळी मिळाली आणि वर ‘वेडा’ फुकट मिळाला. शर्ट उलटा घालून दारात उभे राहिले, त्या दिवशी तर पूर्ण वाक्य आलं: “लोक काय म्हणतील!” ऐकून काकांना इतका आनंद झाला की संध्याकाळपर्यंत शर्ट तसाच.

भैरीदेवरकोप्प सगळ्यात शेवटी आलं. धडधाकट माणसाची जीभ अडखळते तिथं. एके दिवशी काकूंनी ते एका दमात, एकही अक्षर न सांडता म्हटलं, आणि काका टॉवेलनं तोंड पुसून बाहेर पडले. परत आले ते धारवाड पेढ्यांचा पुडा घेऊन. गल्लीत घरोघर दिला. “काय विशेष?” लोक विचारायचे. “भैरीदेवरकोप्प,” काका सांगायचे, आणि पुढच्या घरी जायचे.

आमच्या दारात काकूही आल्या होत्या, भिंत धरून. मला बघून तोंड हललं, थांबलं, पुन्हा हललं. “प-त्रक,” त्या म्हणाल्या. “पत्रक आली.” खरं तर त्याच आल्या होत्या. मी दुरुस्त केलं नाही.

त्याच सुमाराला मी एका पत्रकासाठी मजकूर लिहीत होते. पुरुषांनी स्वयंपाकघरात यावं, हा विषय. आमच्या चळवळीतले एकेक वक्ते मला माहीत आहेत. समतेवर तासभर बोलतात आणि मग आतल्या दिशेला तोंड करून ‘चहा’ एवढंच म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर धरायला मला काका हवे होते. मी गेले तेव्हा ते परातीत भाकरी थापत होते.

“काका, तुमचं नाव घालू का पत्रकात?”

“ब्याड.”

“का पण? समाजापुढं एक उदाहरण—”

“ती बायको आहे ग माझी,” काका म्हणाले. “उदाहरण नव्हे.” मग तव्याकडे बघून, “जळाली बघ तुझ्यामुळं.”

“जळाली!” आतून काकूंनी पक्कं केलं.

मी पत्रक काकांशिवाय काढलं. ते चांगलं झालं नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की नाव घालायला हवं होतं. तो वाद काका गेले तरी माझ्याकडून संपलेला नाही, आणि म्हणून आज घालते आहे.

पुढं काका रोज दुपारी काकूंना बसमधून फिरवायला न्यायचे. नवनगरहून हुबळी, आणि तिथून परत. आता नव्या गाड्यांत पुढचा थांबा एक बाई सांगते, आधी भरून ठेवलेल्या आवाजात. काकूंचं तिच्याशी लगेच वाकडं आलं. ती ‘मुंदिन निल्दाण’ म्हणायला लागली की काकू तिच्या आधी थांब्याचं नाव सांगून टाकायच्या. मोठ्यानं. एकदा मीही बरोबर होते.

“काका, ही बाई छान सांगते की. एकदाही चुकत नाही.”

“म्हणून तर तिच्याशी कुणी बोलत नाही,” काका म्हणाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नवनगरच्या थांब्यावर. मी पत्रकं वाटत होते. काकांनी नेहमीसारखी दोन घेतली, एक स्वतःला, एक काकूंना. गाडी आली. त्यांनी काकूंना खिडकीजवळ बसवलं. शेजारची जागा रिकामी होती, पण ते बसले नाहीत. काकूंपुढं उभे राहिले, पाय फाकून, माझी पत्रकं लांबट दुमडून बोटांच्या बेचक्यात धरून. दार आपोआप मिटलं. आता गाड्यांना दोरी नाही, घंटा नाही. तरी काकांचा हात वर गेला आणि त्यांनी बोटानं काचेवर दोनदा वाजवलं. गाडी निघाली. ती त्यांच्यामुळं निघाली नाही हे मला माहीत होतं. काकांना माहीत होतं का, कोण जाणे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका झोपेतच गेले. कुणाला काही न बोलता. तेवढं त्यांच्या स्वभावाला धरून झालं.

आणि काकू पुन्हा गप्प होत चालल्या आहेत. शब्द आहेत, पण वापर नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, वापरात ठेवा, नाहीतर गंजतील. रेखाअक्का बेळगावला चल म्हणते, काकू ‘ब्याड’ म्हणतात. मी रोज दुपारी त्यांना त्याच गाडीतून नेते. मीही चुका करून पाहिल्या. विद्यानगरला होसूर म्हटलं, वांग्याला टोमॅटो म्हटलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलल्या, “मुद्दाम.” काकांची चूक खरी वाटायची. माझी चूक पत्रकासारखी वाटते. आणि थांबे सांगणाऱ्या त्या बाईशी भांडणंही त्यांनी सोडलं आहे. ती एकटीच बोलत असते.

म्हणून हे तुमच्याकडे मागते. श्रद्धांजली नको, मोर्चा नको, वर्गणी नको. दुपारच्या वेळी नवनगरहून हुबळीकडे जाणाऱ्या गाडीत कधी चढलात, तर खिडकीशी बसलेली, उजवा हात मांडीवर जपून ठेवलेली एक म्हातारी बघा. शेजारी मी असेन, पण मला ओळख दाखवू नका. भैरीदेवरकोप्प यायच्या आधीच, म्हणजे उणकल अजून पुढं असतानाच, आपल्याशीच बोलल्यासारखं, जरा मोठ्यानं म्हणा, “उणकल गेलं वाटतं.”

ती तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या. तुम्ही कुठले, तुम्हाला एवढं कसं कळत नाही, हे विचारेल. लाडवाचा डबाही निघेल. आणि बोलता बोलता ती अडखळून थांबली, तर तुमच्या समोरच्या दांडीवर बोटानं दोनदा वाजवा.